मी वाईट म्हटलेला सिनेमा

ग्वाल्हेरला मराठी सिनेमा क्वचित लागतो, तोही फक्त रविवारी सकाळी. हॉल रिकामा राहिला तर पुढचा येणार नाही, या धास्तीने इथले आम्ही मराठी लोक प्रत्येक सिनेमाला छानच म्हणतो. मी म्हणत नाही. मागचा सिनेमा सुटल्यावर पायऱ्यांवरच सांगून टाकलं, "रटाळ आहे. पुढच्या रविवारी कुणी येऊ नका."

माझे चुलत दीर मराठी मंडळाचे अध्यक्ष. ते भडकले. "वहिनी, आपल्याच सिनेमाला नावं ठेवता? लोक यायचे बंद होतील."

"भावजी, आत तुम्हीसुद्धा घोरत होतात."

त्यांनी बरेच दिवस अबोला धरला.

मग दुसरा सिनेमा लागला आणि मला मनापासून आवडला. नया बाज़ारात, देवळात, भेटेल त्याला मी बजावलं, चुकवू नका. त्या रविवारी हॉल भरला. मराठी सिनेमाकडे कधी न फिरकणारी इंदरगंजातली एक कॉलेजची पोरगीसुद्धा आली होती. भावजींच्या देखतच मी तिला विचारलं, "तू कशी काय इकडे?"

"काकू, बाकी सगळे तर दर वेळी छानच म्हणतात. पिछलीवाली को आपने बकवास कहा था ना, म्हणून आले."