डेल्विनचा रेडिओ

होंडुरासहून न्यूयॉर्कच्या ब्राँक्सला आल्यावर माझ्या मावसभावाने, डेल्विनने, एक युक्ती काढली होती. आमची कातडी काळी, म्हणून पोलिसांची गाडी दिसली की तो फोनवर आईशी मोठमोठ्याने स्पॅनिश बोलायचा, म्हणजे हा इथला काळा नाही असं वाटून ते सोडून देतील. आम्ही त्याला ‘रेडिओ’ म्हणायचो.

यंदा मात्र देशाबाहेर घालवायला स्पॅनिश बोलणाऱ्यांनाच उचलायला लागले. कातडी मिटता येत नाही, म्हणून त्याने तोंड मिटलं. आधी रस्त्यात, मग घरातही. झोपेत दचकायचा. मावशी चिडायची, “मेल्या, शिवी तरी दे!”

काल कामावरून येताना त्याच्यामागे एक गाडी हळू झाली. त्याने मावशीला फोन लावला, पण शब्द फुटेना.

“गाडी आहे का रे मागे?”

त्याने फोनवर नखाने टकटक केलं.

“चालत राहा, मी बोलते. मासे नारळाच्या रश्शात टाकलेत. तुझ्या भावाने अर्धे आत्ताच हाणले, तू ये आणि बघ त्याच्याकडे.”

तो जिना चढून दारात येईपर्यंत ती बोलत होती. आता दोघं समोरासमोर होती, तरी त्याने कानाचा फोन काढला नाही. मग मावशीही त्याच्याकडे बघत फोनमध्येच बोलत राहिली.