नाक्यावर अडकलेलं घर

पेठ रोडनं गावाकडे जाताना जंगल खात्याचा तो नाका लागला की आजही माझ्या मोटारसायकलचा वेग आपोआप वाढतो. वीस वर्षं होऊन गेली. तिथले साहेब बदलले, फाटक बदललं, पाटीचा रंगही बदलला. माझा राग मात्र जुन्या जागी तसाच बसून आहे. बायको म्हणते, "आता तरी सोडा." मी म्हणतो, सोडीन. सोडत नाही.

नव्वदीची शेवटची वर्षं होती. मी नाशिकला, सातपूरच्या एका कारखान्यात फिटर होतो. राहत होतो त्या गल्लीच्या टोकाला लहानसा प्लॉट घेऊन दोन खोल्या बांधायला काढल्या होत्या. भिंती वर आल्या होत्या आणि छपरासाठी काम अडलं होतं. आई जाऊन चार वर्षं झालेली, बा तिकडे पेठच्या पलीकडे डोंगरातल्या आमच्या पाड्यावर एकटाच राहायचा. नागली आणि भात लावायचा, स्वतःच चूल पेटवायचा. मी दर दिवाळीला सांगायचो, चल माझ्याकडे. तो दर दिवाळीला म्हणायचा, बघू.

वैशाखात वादळ आलं. चुलतभावानं पेठहून शेजाऱ्यांच्या फोनवर निरोप दिला : "बा सुखरूप हाय. घर गेलं." मी पाळी अर्धी टाकून निघालो.

जाऊन बघतो तर घर गेलं नव्हतं. छपराची कौलं उडून अंगणभर पसरली होती आणि पश्चिमेची कारवीच्या कुडाची भिंत आडवी पडली होती. पण सागाचे सहाही खांब जागच्या जागी उभे होते आणि वर आढं शाबूत होतं. माझ्या आज्यानं रोवलेले खांब ते. पाड्यावरची सात-आठ माणसं मी पोहोचायच्या आधीच फुटकी आणि धड कौलं निवडत बसली होती. चुलतभाऊ म्हणाला, "आठ दिसांत करून टाकू दादा. कारवी हाय, माणसं हायेत. निम्मी कौलं तर धडच हायेत. तू फकस्त चार दिस थांब."

मी हसलो. त्या हसण्याचा मला आज संताप येतो. म्हणालो, "आणि पुढच्या वैशाखात परत वादळ आलं की परत आठ दिवस? काय ठेवलंय इथं? खांब काढू, आढं काढू, सातपूरला नेऊ. माझं छप्पर होईल आणि बा पण तिकडेच येईल." उंटावरचा शहाणा म्हणतात तो मी. सगळे बाच्या तोंडाकडे बघायला लागले. बा खांबाला टेकून उभा राहिला. मग म्हणाला, "तुझं घर उभं राहतंय का याच्यानं?"

"राहतंय."

"मग ने. लाकडं तिकडं उभी राहिली की मागनं मी येतो. आदी नाय."

मला वाटलं, म्हातारा खूश झाला.

दोन दिवस घर उतरवत होतो. त्या घरात एक खिळा नव्हता. सगळं खाचेत आणि लाकडी खुंट्यांवर बसवलेलं. कुठली खुंटी आधी ठोकायची, कुठली मागाहून, ते बा खालून सांगायचा आणि चुलतभाऊ वर चढून तसं करायचा. एक लाकूड चिरलं नाही. ते खाली आडवे पडलेले खांब मी पाहिले आणि मला त्यांची लाज वाटली. साठ-सत्तर वर्षांचा चुलीचा धूर बसून ते डांबरासारखे काळे झाले होते. हात लावला की हात काळा.

कारखान्यात पहिली गोष्ट शिकवतात ती ही की पार्ट साफ केल्याशिवाय फिटिंगला हात लावायचा नाही. मी पेठच्या सुताराकडून रंधा आणि तासणी आणली. बा म्हणाला, "काळं राहू दे. धुराचं लाकूड हाय, किडा लागत नाय."

मी सगळ्यांच्या देखत ओरडलो, "बा, ते शहरातलं घर आहे! असली काजळी डोक्यावर घेऊन कोण बसतं तिथं? माणसं हसतील मला." तो उठला आणि मोहाच्या झाडाखाली जाऊन आमच्याकडे पाठ करून बसला. आम्ही दोघा भावांनी तीन दिवस घासून, रंधा मारून ती लाकडं पिवळीधमक केली. सागाचा वास सुटला. मी प्रत्येक खांबावरनं हात फिरवून बघत होतो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला.

टेम्पो भरला आणि निघालो. तलाठ्यानं वादळाच्या दुसऱ्या दिवशी केलेल्या पंचनाम्याची नक्कल माझ्या खिशात होती, त्यामुळे मी निर्धास्त होतो. नाक्यावर साहेबानं हात केला. सडपातळ माणूस, बोलायला अगदी नरम. त्यानं ताडपत्री उचलली, वाकून लाकडाचा वास घेतला आणि विचारलं, "कधी तोडलं?"

"तोडलं नाही साहेब. आमच्या घराचं आहे. आज्याच्या वेळचं."

"आज्याच्या वेळच्या घरात चूल नव्हती का?"

मी रंध्याचं सांगितलं. तो म्हणाला, "सगळे हेच सांगतात. झाड पाडायचं, रंधा मारायचा आणि घराचं म्हणून न्यायचं." मी पंचनामा काढला. त्यानं शांतपणे वाचला. कौलांचं नुकसान, पश्चिमेच्या भिंतीचं नुकसान. "यात खांब कुठं आहेत?"

खांब त्यात नव्हते. तलाठ्यानं पडलं तेवढंच लिहिलं होतं आणि खांब पडलेच नव्हते.

"म्हणजे खांब उभे होते?"

"हो."

"मग घर पाडलं कशाला?"

त्या प्रश्नानं माझं डोकं फिरलं. मी त्याला काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. त्यानं ते सगळं ऐकून घेतलं आणि वहीत नोंद केली : सागाचे खांब सहा, आढे एक, तुळया चार, संशयित. टेम्पो मागच्या आवारात रिकामा झाला. तेवढ्या वेळात ताज्या लाकडाचे दोन ट्रक फाटकातून गेले. कडेनं अजून ओली साल लोंबत होती, पण त्यांच्याकडे कागद होता. ज्या डोंगरात माझ्या पणज्यानं हयात घालवली, त्या डोंगरातलं लाकूड आमच्या घरात कुठून आलं हे मी सिद्ध करायचं होतं आणि कागदवाल्यांनी काहीच नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी!

त्यानंतर मी किती अर्ज केले ते मोजलं नाही. तलाठ्याकडे जा, तो म्हणायचा पंचनामा आता बदलता येत नाही. नाक्यावर जा, ते म्हणायचे वरच्या कार्यालयात जा. वरचे म्हणायचे, जागेची पाहणी होईल, तुमचा आणि वडिलांचा जबाब होईल, मग बघू. माझा जबाब घेतला. मी खरं तेच सांगितलं : घर वादळात नादुरुस्त झालं, लाकूड मी उतरवून घेतलं. पाहणीला कधी जाणार ते कुणी सांगेना. मी पाळ्या बदलून, सुट्ट्या जाळून चकरा मारल्या. सरकारी काम आणि सहा महिने थांब ही म्हण ज्यानं केली त्याची फार थोडक्यात सुटका झाली असणार. मी घरी आलो की भांडी आपटायचो. बायको मुलांना घेऊन शेजारी जाऊन बसायची.

आणि बा तिकडे. घराच्या जागेवर फक्त जोतं उरलं होतं. त्याच्या एका कोपऱ्यात चार बांबू रोवून त्यानं प्लॅस्टिकचा कागद बांधला आणि त्याच्याखाली राहायला लागला. जेवायला चुलतभावाकडे, झोपायला कागदाखाली. पहिल्या पावसाळ्यात मी त्याला न्यायला गेलो. पेठचा पाऊस तुम्हाला माहीत नसेल. आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. तो ओल्या गोणपाटावर बसून होता. म्हणालो, "बा, हात जोडतो, चल."

"लाकडं आली का?"

"येतील. तू आधी चल."

"बोलणं झालंय आपलं. आदी लाकडं."

मी त्याच्यावर ओरडलो, रडलो, एकदा तर दंड धरून ओढलाही. तो माझ्यापेक्षा हलका झाला होता, पण हलला नाही. मी एकटाच परत आलो आणि वाटेत नाक्यावर थांबून साहेबाच्या नावानं शिव्या घातल्या. साहेब रजेवर होता.

सातपूरच्या खोल्यांवर शेवटी पत्रे टाकले. किती दिवस थांबणार? दुसरा पावसाळाही गेला. मग दिवाळीच्या तोंडावर नवीन साहेब आला. तरुण होता. आवार रिकामं करायचा त्याला हुकूम असावा. मला बोलावणं आलं. आम्ही मागे गेलो. लाकडं गवतात पडली होती, काळीठिक्कर, भेगाळलेली, शेवाळ धरलेली. साहेब पायानं एक खांब लोटून म्हणाला, "हे तर सरळ सरळ जुनं लाकूड दिसतंय. कशाला अडवलं होतं?"

मला हसावं की त्याची मान धरावी कळेना. खांब उलटा केला तर खालून वाळवीनं पार पोखरलेला. सहापैकी पाच तसे. आढ्यात बोट घातलं तर बोट आत गेलं. काजळी असती तर वाळवी फिरकली नसती हे मला तिथे उभ्या उभ्या आठवलं आणि मी स्वतःला एक सणसणीत शिवी दिली.

सही करायला आत नेलं. कारकुनानं फाइल उघडली. मी विचारलं, "एवढा उशीर का लागला, ते तरी सांगा." तो म्हणाला, "जबाब जुळत नव्हते ना. तुम्ही सांगितलं, लाकूड मी उतरवून घेतलं. तुमच्या वडिलांनी सांगितलं, खांब वादळानं पाडले. पंचनाम्यात खांब उभे. आता यातलं खरं कुठलं धरायचं?" त्यानं कागद माझ्याकडे वळवला. खाली बाचा अंगठा होता. पाहणी झाली होती. मला कुणी कळवलंच नव्हतं, बानंसुद्धा.

मी सही केली, लाकडं तिथेच सोडली आणि मिळेल त्या गाडीनं पाड्यावर गेलो. चढ चढून जाईपर्यंत माझं डोकं नुसतं धगधगत होतं. दीड वर्ष मी साहेबांना, तलाठ्याला, सरकारला शिव्या देत हिंडलो आणि घोडं इथं पेंड खात होतं! बा जोत्यावर बसून दोरी वळत होता. मी लांबूनच सुरू झालो.

"साहेबाला खोटं का सांगितलंस? खांब वाऱ्यानं पाडले? तुझ्या एका शब्दापायी लाकूड कुजलं बा! सगळं कुजलं! खरं सांगायला काय झालं होतं तुला?"

चुलतभावाची बायको आवाज ऐकून बाहेर आली आणि तिथंच थबकली. बाचे हात थांबले नाहीत. दोरीचा पीळ घट्ट करत तो खालीच बघून म्हणाला, "चार माणसांत इचारलं त्यांनी. मग काय सांगू? वाऱ्यानं कौलं नेली आन घर माझ्या पोरानं पाडलं, आसं सांगू?"

त्यानं दोरी बाजूला ठेवली, कागदाखाली वाकून आपली घोंगडी बाहेर ओढली, झटकली आणि घडी घातली. मग विचारलं, "नाशिकची गाडी किती वाजता हाय?"