एकोणीस वर्षांची चाकं

छापखान्यात पुस्तकं बांधणाऱ्या बाबांना तिथले लोक ‘चक्रपाणी’ म्हणत, ते उगाच नव्हे. जाऊन-येऊन रोजची अकरा किलोमीटर सायकल, आणि चाकं एकोणीस वर्षं तीच. इतरांची तीन-चार वर्षांत वाकडी व्हायची. कुणी नवी सायकल घेतली की आधी बाबांकडे येई आणि चाकं किती टिकतात ते विचारी. बाबा चष्मा पुसत, जरा थांबत आणि म्हणत, “ते चाकावर नसतं. माणसावर असतं.”

माणसावर काय काय असतं, ते ऐकण्यासारखं होतं. खड्डा दिसला की उतरायचं. खडी दिसली की उतरायचं. पुलाच्या जोडावर तर सायकल उचलून पलीकडे ठेवायची. ब्रेक लावायचा नाही, कारण रबर घासून रिम झिजते. थांबायचं ते पाय घासून. या पद्धतीत चाकं शाबूत राहिली, चपला राहिल्या नाहीत. घरी आल्यावर सायकल जिन्याखाली हुकांना टांगायची, म्हणजे चाकांना विसावा. बाबांच्या गुडघ्यांसाठी असे हूक कुठे मिळत नाहीत, असं आई म्हणे. अकरापैकी चारेक किलोमीटर बाबा सायकलीला सोबत घेऊन चालतच जात, पण ते मोजण्याचा आगाऊपणा कुणी केला नाही.

बाबा निवृत्त झाले त्याच महिन्यात मुलीला रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरी लागली. तीन महिने कच्ची, मग पक्की. सकाळी सातला हजर व्हायचं, आणि त्या वेळी तिकडे बस नाही. बाबांनी सायकल हुकावरून काढली आणि लेकराला पहिल्यांदा शाळेत सोडावं तशा चेहऱ्यानं ती मुलीच्या हवाली केली, सगळ्या नियमांसकट.

मुलगी वडिलांच्या शब्दाबाहेरची नव्हती. नियम पाळून ती पहिल्या दिवशी वीस मिनिटं उशिरा पोचली, दुसऱ्या दिवशी पंचवीस. तिथल्या मोठ्या बाई रागावल्या नाहीत. लोक उपाशीपोटी रक्त द्यायला ताटकळतात, एवढंच म्हणाल्या. आणि तिसऱ्यांदा उशीर झाला तर येण्याची तसदी घेऊ नकोस.

मुलीनं घरी हे सांगितल्यावर बाबांनी तोडगा काढला, की अर्धा तास आधी निघावं. आईनं हातातलं भांडं खाली ठेवलं.

“पोरीची नोकरी गेली तर गेली, चाक टिकलं पाहिजे. असंच ना?”

“तसं नाही गं. पण एकोणीस वर्षं...”

“ती बावीस वर्षांची आहे. तिचंही बघा की जरा.”

 दुपारी बाबा सायकल घेऊन मेस्त्रीकडे गेले, अर्थात चालत. मेस्त्रीच्या दुकानात त्यांनी इतक्या वर्षांत हवा भरण्यापलीकडे काही केलं नव्हतं. आज म्हणाले, ब्रेकची रबरं बदलून दे, जुनी दगडासारखी झालीत. मेस्त्रीनं आधी चाक फिरवून पाहिलं, मग टायर उतरवून रिमच्या आत बोट फिरवलं. बोटाला गंजाचा भुगा लागला. तारांच्या भोकांशी रिम चार ठिकाणी तडकली होती. मागच्या चाकाचीही तीच गत.

“ही चाकं कधीच गेलीत, काका,” तो म्हणाला. “धक्का बसत नव्हता म्हणून उभी होती. पोरगी जोरात खड्ड्यात गेली असती तर दुमडलीच असती.”

बाबा तिथल्या स्टुलावर टेकले. आपण कधीपासून मेलेल्याची सेवा करत होतो, याचा त्यांना अंदाज लागेना. आणि ऐटीत लोकांना उपदेश चालू होता, तो वेगळाच. मेस्त्रीला त्यांचं वाईट वाटलं असावं. नवी बसवली तर रोज दामटूनही चार वर्षं निघतील, असं तो हळूच म्हणाला.

“बसव,” बाबा म्हणाले. “दोन्ही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी निघाली. घरासमोरच्या उतारावर पहिला खड्डा आला तसा सवयीनं तिनं एक पाय खाली टेकवला.

“उतरू नकोस,” बाबा दारातून म्हणाले.

तिनं वळून पाहिलं. खरंच म्हणताहेत ना, याची खात्री करून घेतली आणि पाय पुन्हा पेडलवर ठेवला. सायकल खड्ड्यातून धाडकन गेली. पुढे वळणावर तिनं करकचून ब्रेक लावला, तेव्हा बाबांचे दात शिवशिवले. त्यांनी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा रस्त्यावर कुणी नव्हतं, आणि साडेसहाच वाजले होते.