शैलाताईंचा फळा

शैला मर्चंडे एकतीस वर्षं एका सरकारी इस्पितळात केसपेपर लिहायच्या. पेशंट घरातल्या भांडणापासून सुरुवात करायचा. शैलाताई सगळं ऐकून घ्यायच्या आणि लिहायच्या, ‘पोटात दुखते. तीन दिवस.’ रकान्यात तेवढंच मावायचं.

रिटायर झाल्यावर परळच्या त्यांच्या चाळीने जिन्याखालचा फळा त्यांच्याकडे दिला. पाणी, मीटिंग, मयत, बुद्धजयंती, सगळं त्याच लिहीत. लोक थांबून वाचत.

दुसऱ्या मजल्यावरची ऋता मराठीत एमए करत होती आणि कादंबरी लिहीत होती. नव्वद पानं झाली होती, नायिका अजून गॅलरीतच उभी होती. एके दिवशी ती म्हणाली, “मावशी, तुमचं सगळे वाचतात. माझं मैत्रिणीपण वाचत नाहीत. काय करू?”

“उद्या पाणी बंद आहे. आजची नोटीस तू लिही.”

ऋताने तासभर विचार करून लिहिलं, ‘उद्या प्रभातीपासून आपल्या नळांना मौनाचे वेध लागतील.’

शैलाताईंनी ते वाचलं. स्वतःच्या घरातली तीन पिंपं भरून घेतली आणि गप्प बसल्या.

दुसऱ्या दिवशी अकरा घरांत थेंब नव्हता. कोंडीरामकाका डोक्याला साबण लावून गॅलरीत उभे होते. टँकर आला तेव्हा शैलाताईंनी ऋताच्या हातात दोन बादल्या दिल्या. “घरोघर पोचव. आणि नोटिशीतून काय समजलं ते विचार.”

चंपाकाकू म्हणाल्या, “पहिल्या ओळीत पाणी दिसलं नाही. मी पुढे गेले.”

कोंडीरामकाका म्हणाले, “मौन वाचलं, वाटलं कुणीतरी गेलं. मेणबत्त्या आणून ठेवल्यात.”

तिसऱ्या मजल्यापर्यंत ऋताला रडू आलं. शैलाताईंनी तिला चहा दिला. “आधी कुणाला, काय, किती वाजता. जागा उरली तर तुझं मौन. वाक्य जिना चढताना मोठ्याने म्हणायचं. दम लागला तिथे पूर्णविराम. आणि जेवायच्या आधी लिहायचं. जेवल्यावर वाक्यं लांबतात.”

मग ऋता रोज दुपारी त्यांना कादंबरी वाचून दाखवू लागली. शैलाताई मेथी निवडत ऐकायच्या. जिथे त्यांचा डोळा लागे, तिथे ऋता पेन्सिलने खूण करी. पहिल्या आठवड्यात चौदा खुणा झाल्या. ती पानं तिने काढून टाकली. नायिका गॅलरीतून उतरून रस्त्यावर आली, नोकरीला लागली, आणि नव्वद पानांची अकरा पानांची कथा झाली.

ती एका छोट्या दिवाळी अंकात छापून आली. ऋता धावत अंक घेऊन आली. शैलाताईंनी दारातच उभ्याने सगळी कथा वाचली. डोळे पुसले. मग पेन्सिल मागून दोन शब्द खोडले.

“मावशी, आता छापून झालंय ना!”

“असू दे. आपल्या घरातला अंक तरी नीट राहू दे.”