मंगलाची फारकत आणि मंडईचं नाटक

वकिलाच्या ऑफिसात फायलींपेक्षा किस्सेच लवकर साचतात. त्यात ज्युनियर माझ्यासारखी, दार वाजलं तरी हातातलं पेन पाडणारी असली, तर विचारूच नका! आमच्या चंद्रपूरच्या ऑफिसला सगळ्यात जास्त किस्से पुरवले ते मंगलाच्या घटस्फोटानं.

*

मंगला सावली गावाकडची, शिवणकाम करणारी. पहिल्याच भेटीत पेढे घेऊन आली!

"फारकत झाली जी मॅडम. आता मुरलीसंग लग्न. फक्त कागद तेवढा पाहून द्या."

कागद म्हणजे स्टॅम्पपेपर. पंचांसमोर नवरा-बायकोनं सह्या ठोकलेल्या. गावात याला सोडचिठ्ठी म्हणतात आणि सगळे मोकळे होतात.

आमच्या सीनियर बाईंनी आधी पेढा खाल्ला. मग म्हणाल्या, "मंगला, एवढ्या भरवशावर लग्न केलंस तर कायद्यानं तुले दोन नवरे होतील!"

"अवो माय! एकच सांभाळता नाई आला!"

*

बाईंनी तिला नीट समजावलं. दोघांनी मिळून कोर्टात अर्ज करायचा. मग साधारण सहा महिने थांबायचं. नंतर दोघांनी पुन्हा हजर राहून, राजीखुशीनं, 'हो' म्हणायचं. मधेच एक जण फिरला, की मुसळ केरात! आणि मंगलाचं लग्नही.

तिचा नवरा दिलीप झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या गावोगावच्या, नाटकांत व्हिलन. सीझनमध्ये रोज नवं गाव. घर सोडून सगळीकडे सापडायचा, भांडण तेच.

पहिल्या तारखेला दोघं एकाच मोटारसायकलवर आले! मला घामच फुटला. "असे सोबत काऊन आले? जजसाहेबांना वाटेल, तुमचं जमून राह्यलं!"

दिलीप शांतपणे म्हणाला, "भांडन संसाराचं हाये मॅडम, पेट्रोलचं नाई!"

*

दुसरी तारीख दिवाळीनंतरची. म्हणजे ऐन सीझन, गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, आणि तिथं रात्रभर नाटकं! दिलीपचा फोन बंद. कोर्टाच्या दारात मंगला रडकुंडीला आलेली, मी तिच्याहून जास्त.

तेवढ्यात मागून आवाज आला, "मॅडम!"

वळून पाहते तर कपाळावर लाल गंध, काजळानं कोरलेल्या भिवया आणि ही एवढी मिशी! मी किंचाळले. पोलीस धावत आला. दिलीप अहेरीकडचा प्रयोग आटोपून तोंडही न धुता निघाला होता.

पोलीस आधार कार्ड पाहून म्हणाला, "याच्यात तं मिशी नाई!"

दिलीपनं तिथंच ती टरकन उपटली. "ओय माय!"

"हां, आता गरीब दिसून राह्यला. जा आत."

*

आत साहेबांनी दिलीपला विचारलं, "तुमच्यावर कोणाचा दबाव?"

"हाये नं, साहेब!"

माझ्या हातातली फाईल खाली. मंगला पांढरीफटक.

"कोणाचा?"

दिलीपनं मागच्या बाकाकडे बोट केलं. तिथं मुरलीभाऊ, मंगलाचा होणारा नवरा, नवा शर्ट घालून बसलेला. "हे भाऊ गावच्या मंडईचे अध्यक्ष हायेत. म्हनते, आधी फारकत दे, मंगच तुह्या कंपनीचं नाटक लावतो!"

मुरलीभाऊ हात जोडून उभा राहिला. साहेबांनी पेन खाली ठेवलं. झालं, संपलं, असं मला वाटलं.

तेवढ्यात मंगला म्हणाली, "साहेब, याच्यावर माहा दबाव कधी चालला नाई, माह्या सासूचा नाई, पंचाईचा नाई. आज पह्यल्यांदा कोनाचा तरी चालून राह्यला. चालू द्या नं!"

साहेबांनी दिलीपकडे पाहिलं. "नाटक नसतं, तर काय म्हणाला असता?"

"हेच म्हनलं असतं जी. पन इतक्या लवकर आलो नसतो!"

साहेबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि टायपिस्टला म्हणाले, "लिहा. दबाव आढळून आला नाही."