बँडवाल्या आजोबांचं जेवण

माझी थोरली लेक स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांच्या निवासात संगीताचं काम करते. जेवणाच्या वेळी तिथे हळू आवाजात गाणी लावायची, ही तिचीच कल्पना. एरवी ताटासमोर भांबावून बसणारी माणसं सुरांच्या नादात चार घास जास्त खातात. फक्त बँडवाले आजोबा तोंड उघडेनात. जन्मभर मेजवान्यांत ट्रम्पेट वाजवलेला माणूस! सगळ्यांत आधी गुण त्यांनाच येणार, अशी हिची खात्री. म्हणून हिने त्यांची खुर्ची मुद्दाम स्पीकरजवळ ठेवली, ते वाजवायचे त्याच जुन्या चाली शोधून लावल्या. आजोबा ताठ बसत, बोटं टेबलावर चालत आणि ताट निवून जाई.

आजोबांच्या गळ्याची हाडं वर आली. सोमवारपर्यंत खाल्लं नाही तर नाकातून नळी घालू, असं डॉक्टरांनी सांगितलं. पोरगी घरी येऊन नुसती अन्न चिवडत बसायची. "तू तरी खा," म्हटलं की अंगावर यायची. खरं सांगायचं तर मला आजोबांपेक्षा हिचीच धास्ती वाटत होती.

रविवारी दुपारी हिने चमचा पुढे केला, तसा आजोबांनी हात झटकला.

"अगं, जनाची नाही तर मनाची तरी! पाहुणे जेवतायत अजून."

"मग तुम्ही कधी जेवणार?"

"वाजवून झालं की. मागच्या खोलीत वाढतात आपल्याला. नवीन आहेस का बँडमध्ये?"

हिने तडक गाणं बंद केलं. लगेच बाकीच्यांचे हात थबकले.

"ए बाई, लाव गं ते!" एक आजी खेकसल्या.

हिने पुन्हा लावलं आणि आजोबांना तसंच बसू दिलं. सगळ्यांची ताटं उचलली गेल्यावर शेवटची चाल संपू दिली.

"चला आजोबा, आता आपली पाळी."

स्वयंपाकघरात मदतनीस मावश्या जेवायला बसल्या होत्या. त्यांच्यातच आजोबांना बसवलं. त्यांनी आपणच ताट ओढून घेतलं.

"आज गर्दी फार होती," ते घास घेत म्हणाले.

"हो ना, पायांचे तुकडे पडले," एक मावशी म्हणाल्या. "वाढू का अजून?"

"वाढा की! फुकट वाजवलं काय?"

नळीचं डॉक्टरांनी तूर्त पुढे ढकललंय. आजोबा आता रोज सगळ्यांच्या मागून जेवतात. हिलाही सोबत बसावं लागतं. बँडमधलं एक जरी माणूस उपाशी असलं, तरी ते घासाला हात लावत नाहीत.