तोंड साफ झालं की ये

सायखेड्याच्या घरातून मी निघाले तेव्हा दाराला कडुलिंबाचा डहाळा लटकत होता. आई, तुमच्या सुनेच्या तोंडावरचं पुरळ एसटीत कुणाला दिसू नये म्हणून पदर पुढे ओढायला तुम्हीच सांगितलंत. मी तो खांद्यावरच ठेवला. हे ओट्यावर उभे राहून स्वतःच्या चपलांकडे बघत होते. मागून तुमचा आवाज आला, "तोंड साफ झालं की ये. देवीचा कोप लय वाईट."

कॅन्सर म्हणजे केस जाणारच, अशी तुमची समजूत. माझा फुफ्फुसाचा, केस शाबूत, सलाईन नाही, रोज फक्त एक गोळी. मग नाक, गाल, छाती पुरळाने भरली, नखांच्या कडा पिकल्या, जुलाब लागले. तुम्ही ठरवलंत, अंगात देवी निघाली. घरात फोडणी बंद, औषधही बंद. गोळ्यांचा डबा तुम्ही देव्हाऱ्यात नेऊन ठेवलात.

नाशिकच्या डॉक्टरबाईंनी हे सगळं यांच्यासमोर आधीच समजावलं होतं. गाठीच्या पेशींत वाढीचं बटण चालूच अडकून बसलंय, गोळी नेमकी तिथे जाऊन ते बंद करते. तसलंच बटण कातडीत आणि आतड्यातही असतं, म्हणून थोडा मार त्यांनाही बसतो. त्रास झाला तर फोन करा, मलम देऊ, डोस बदलू, मनाने गोळी थांबवू नका. हे मान डोलावत होते. घरी मी डबा मागितला तेव्हा म्हणाले, "आईच्या मनाविरुद्ध नको."

गोळी थांबली आणि पुरळ उतरलं. उतरणारच होतं. तुम्ही देवीला दहीभात दाखवलात, आळीत वाटलात, माझ्या गालावरून हात फिरवलात. त्याच दिवसांत हापशावरून हंडा आणताना मला दम लागायला लागला होता. स्कॅनमध्ये गाठ वाढलेली निघाली. तो दहीभात आठवला की अजून डोकं फिरतं. डबा मी देव्हाऱ्यातून स्वतः उचलला. पुरळ परत आलं आणि तुम्ही नवा डहाळा बांधलात.

आता मी सातपूरला, बहिणीकडे. कारखान्यांचे भोंगे, शिफ्टच्या गाड्या, नळावर भांडणं. नदीवरचा गार वारा आठवतो, खोटं कशाला बोलू. पण इथे फोडणीचा ठसका लागला की बहीण खिडकी उघडते, नखांना मलम लावते. शेजारणीने विचारलं, ॲलर्जी का? मी म्हटलं, कॅन्सरची गोळी. ती हळहळली आणि नळावर माझा नंबर धरून ठेवायला लागली.

परवा यांचा फोन आला. आई विचारते, तोंड साफ झालं का? गोळीने गाठीला सध्या आवरलंय, किती दिवस ते डॉक्टरबाईही सांगत नाहीत. पुरळ पुढे कमी होईलही म्हणतात. झालं तरी तुम्हाला कळवणार नाही. माझा गाल बघून तुम्ही दहीभात वाटलात, माझा दम तुमच्यापैकी कुणाला ऐकू आला नाही. ते घर तुमचं तुम्ही सांभाळा. इथे सकाळी बहीण चहा ठेवता ठेवता, माझ्या तोंडाकडे न बघता विचारते, "गोळी घेतलीस का?" माझं घर आता तेवढंच.